अँग्लो-सॅक्सन शिकवताना आधी वस्तू, मग गोष्ट (इंग्लंडमधली प्राथमिक शाळा)

डेबेनकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथले बरेच जण इंग्लंडात मुलं वाढवताहेत, दोघं-चौघं शिकवतातही, म्हणून हा धागा. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी सफोकमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते. मुलं आठ-नऊ वर्षांची. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सात ते अकरा या वयात समुद्रापलीकडून आलेले अँग्लो-सॅक्सन लोक ब्रिटनमध्ये कसे वसले ते शिकवायचं असतं, आणि पुढे त्यांची व्हायकिंगांशी झालेली झुंज, एडवर्ड द कन्फेसर या राजापर्यंत. रोमन सत्ता गेली साधारण ४१० मध्ये, नॉर्मन आले १०६६ मध्ये. मधली साडेसहाशे वर्षं काही आठवड्यांत उरकायची.

रोमन शिकवताना घाम फुटत नाही. भिंती उभ्या आहेत, रस्ते आहेत, बाथ गावातली न्हाणीघरं आहेत. अँग्लो-सॅक्सन लोक घरं लाकडाची बांधत. लाकूड कुजलं, छपराचं गवत गेलं, उरले ते खांबांच्या खड्ड्यांचे काळपट डाग. लेखी पुराव्याचीही तीच गत. बीड या भिक्षूने आपला मोठा इतिहास पुरा केला ७३१ मध्ये, म्हणजे पहिली माणसं येऊन अडीच-तीनशे वर्षं उलटल्यावर. पहिल्या टोळ्यांचे म्होरके हेंगिस्ट आणि हॉर्सा या भावांची गोष्ट तो सांगतो. ती वर्गात सांगितली की मुलं तोंड उघडं ठेवून ऐकतात आणि शुक्रवारपर्यंत विसरतात.

म्हणून मी उलट्या बाजूने सुरू करते. पहिल्या तासाला फळ्यावर तीनच रकाने: 'दिसतं', 'वाटतं', 'कळायला मार्ग नाही'. काळाचं नाव नाही, देशाचं नाव नाही. प्रत्येक टेबलावर एक वस्तू. एका टेबलावर भाजलेल्या मातीचं जाड कडं, मध्ये भोक. दुसऱ्यावर हाडाची चकती, तिलाही भोक. तिसऱ्यावर दुहेरी दात्यांची फणी. चौथ्यावर पितळी चिमटा, अगदी बोटभर. सगळ्या अर्थात प्रतिकृती, काही म्युझियमकडून शाळांना उसन्या मिळणाऱ्या पेटीतल्या, काही मीच माती मळून केलेल्या.

कड्याला मुलं डोनट म्हणतात, चाक म्हणतात, जाळ्याला बांधायचं वजन म्हणतात. यातलं शेवटचं उत्तर फार जवळचं. ते उभ्या मागाचं वजन. ताण्याचे धागे खाली ताणून धरायला अशी कडी लोंबती बांधत. हाडाची चकती टकळीची. ही दोन्ही उत्तरं मी लगेच सांगत नाही. आधी 'दिसतं' रकाना भरायचा: जड आहे, भोकाच्या एका बाजूला घासल्याची खूण आहे, कडा ओबडधोबड आहे, म्हणजे दाखवायची वस्तू नसावी. 'नसावी' म्हटलं की ते दुसऱ्या रकान्यात. यावर मुलं एकमेकांशी कडाकडा भांडतात आणि मला तेच हवं असतं.

सटन हू म्हणजे सफोकमधली जुन्या दफनांच्या टेकाडांची जागा. तिथलं शिरस्त्राण मी मुद्दाम शेवटी काढते. ते प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असतं, पण ते असं सापडलेलंच नाही हे मुलांना ठाऊक नसतं. १९३९ मध्ये ते पाचशेहून जास्त तुकड्यांत मिळालं, गंजलेल्या लोखंडाचे आणि पातळ पत्र्याचे तुकडे. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश म्युझियममध्ये हर्बर्ट मॅरियन यांनी ते पहिल्यांदा जुळवलं. पुढे त्यावर शंका निघाल्या, जुळवलेलं पुन्हा सुटं केलं आणि १९७०-७१ मध्ये नायजेल विल्यम्स यांनी नव्याने उभं केलं. आज दिसतं ते हे दुसरं. मी तुकड्यांचं चित्र कापून देते, निम्मे तुकडे काढून घेते आणि गटागटाने शिरस्त्राण जुळवायला सांगते. प्रत्येक गटाचं वेगळं होतं. मग दोन्ही खऱ्या जुळवण्यांचे फोटो शेजारी लावते.

आता माझे प्रश्न. एक, यातल्या बहुतेक वस्तू थडग्यांतल्या आहेत. आठ वर्षांच्या मुलाला ते कसं आणि किती सांगावं? दोन, वस्तूंवर इतका वेळ गेला की कालक्रम मागे पडतो. तुम्ही काय करता?

वाईकर मास्तर

ताई, धागा छान. पण मास्तरकीत जन्म गेला, म्हणून जरा वाकडं बोलतो.

वस्तू काही बोलत नसते, बोलतो आपण. कडं हातात घेऊन पोर भांडेल, मजा येईल, पण घरी जाऊन सांगेल काय? "आम्ही डोनट बघितला." आमच्याकडे चौथीला शिवछत्रपती शिकवताना आग्र्याहून सुटका सांगितली की पन्नास वर्षांनी भेटलेला विद्यार्थीही ती बारकाव्यांसकट सांगतो. माणूस आणि प्रसंग, यावर इतिहास उभा राहतो. तुमच्या त्या टकळीच्या चकतीमागे माणूस कुठे आहे?

डेबेनकाठची

मास्तर, शिवाजी महाराजांच्या बाबतीत पत्रं आहेत, बखरी आहेत, परदेशी वखारींच्या नोंदी आहेत. माझ्याकडे पाचव्या शतकातल्या सफोकमधल्या एकाही माणसाचं नाव नाही. नाव नसताना प्रसंग सांगायचा तर तो रचावा लागतो, आणि रचलेलं खरं म्हणून सांगायला मन धजत नाही.

वाईकर मास्तर

हे मात्र पटलं. तरीपण गोष्ट हवी. वस्तू सापडली कशी, ही तरी गोष्टच आहे ना? ती सांगा.

खापरी

मास्तरांचा दुसरा प्रतिसाद लाखमोलाचा. मी पुरातत्त्व शिकले आहे (डेक्कन कॉलेजात, आता बागकाम करते, असो). सटन हूची सापडण्याची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहेच, पण त्यात एक खाचही आहे. म्हणून जरा सविस्तर.

इडिथ प्रिटी यांच्या जमिनीवर डेबेन नदीच्या वर टेकाडं होती. त्यांनी इप्सविच म्युझियमकडे चौकशी केली. म्युझियमने बॅझिल ब्राउन यांना पाठवलं. शाळा लवकर सुटलेला, वाचून-वाचून स्वतः शिकलेला स्थानिक माणूस. १९३८ मध्ये तीन टेकाडं उकरली, तिन्ही आधीच कुणीतरी लुटलेली. १९३९ मध्ये सगळ्यात मोठं टेकाड घेतलं. आधी लोखंडी खिळे मिळायला लागले, ओळीने. खिळे जागच्या जागी ठेवून ब्राउन माती काढत गेले आणि सत्तावीस मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा उघडा पडला. फळी एकही शिल्लक नव्हती. तिथली वाळू आम्लधर्मी, लाकूड आणि हाडं दोन्ही खाऊन टाकणारी. मग केंब्रिजचे चार्ल्स फिलिप्स आले आणि दफनाच्या दालनाचं काम त्यांच्या चमूने केलं. ऑगस्टमध्ये काम आटोपलं, सप्टेंबरच्या ३ तारखेला युद्ध जाहीर झालं. सगळा ऐवज युद्धभर लंडनच्या ऑल्डविच भुयारी स्थानकात सुरक्षित ठेवला होता.

आता खाच. त्या दालनात प्रेतही सापडलं नाही. सुरुवातीला लोकांना वाटलं की हे रिकामं स्मारक असावं. नंतर मातीतल्या फॉस्फेटच्या तपासणीवरून बहुतेकांचं मत पडलं की शरीर होतं, वाळूने संपवलं. कोणाचं? पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड, असं बहुतेक पुस्तकं सांगतात. तो साधारण ६२४-२५ च्या सुमारास गेला आणि पिशवीतली ३७ सोन्याची नाणी त्याच काळात बसतात. पण नाव कोरलेलं एकही काही नाही. डेबेनकाठच्या तीन रकान्यांत रेडवाल्ड दुसऱ्या रकान्यात गेला पाहिजे, पहिल्या नाही.

आणि दुसरा मुद्दा, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सुटी वस्तू दाखवू नका. ती कुठे पडली होती, शेजारी काय होतं, तेही दाखवा. फणी कचऱ्याच्या खड्ड्यात मिळाली तर ती मोडली म्हणून टाकली. तीच फणी अस्थिकलशात मिळाली तर कुणीतरी मुद्दाम ठेवली. नॉरफोकमधल्या स्पाँग हिल इथे दोन हजारांहून जास्त दहनांचे कलश निघालेत. अशा कलशांत फण्या असतात, आणि चिमटे, कात्र्या, वस्तरे इतके लहान की वापरताच येऊ नयेत. तुमच्या चौथ्या टेबलावरचा बोटभर चिमटा कलशातला आहे असं सांगितलं तर मुलं वेगळंच बोलतील.

मी वर्गासाठी काय करेन? मोठ्या कागदावर थडग्याचा आराखडा, त्यात वस्तूंच्या जागा. एका गटाला वस्तू द्या आणि आराखडा देऊ नका. दुसऱ्याला दोन्ही द्या. मग दोघांची उत्तरं ताडून बघा.

चौकस

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न. हे सगळं सोनंनाणं ब्रिटिश म्युझियमने त्या बाईंकडून काढून घेतलं का? कोहिनूरवाली मंडळी म्हटल्यावर शंका येते.

खापरी

इथे तरी नाही. १९३९ च्या ऑगस्टमध्ये गावातल्या सभागृहात चौकशी बसली. तेव्हाचा कायदा असा: कुणी परत काढून घ्यायच्या बेताने सोनंचांदी पुरली असेल तर ती राजाची, मृतासोबत कायमची ठेवली असेल तर जमीनमालकाची. अख्खं जहाज टेकडीवर चढवून पुरणारा माणूस ते परत काढायला येणार नव्हता. म्हणून निकाल प्रिटीबाईंच्या बाजूने लागला आणि त्यांनी सगळंच्या सगळं ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकलं. वर्गात हीच चौकशी मुलांकडून करवून घ्या. पंच बसवा, साक्षीदार बोलवा. मास्तरांना हवा तो प्रसंग आयता मिळेल, आणि तो खरा आहे.

वाईकर मास्तर

झकास! हे मी वर्गात केलं असतं.

पेठेतला सोनार

अवांतर करू का? आमची तिसरी पिढी कोंदणकामात. पत्नीच्या बहिणीकडे लंडनला गेलो तेव्हा ब्रिटिश म्युझियमची ४१ नंबरची खोली बघितली. बाकीचे पुढे गेले, मी सटन हूच्या ऐवजातल्या खांद्यावरच्या त्या दोन बकलांपाशी अडकलो.

लाल खडा सगळा गार्नेट, आपल्या बाजारात तामडा. (गोमेदही त्याच घराण्यातला, पण रंग वेगळा.) काम असं केलंय: सोन्याच्या पत्र्यावर सोन्याच्याच पट्ट्या उभ्या डाकून कप्पे केले, आणि प्रत्येक कप्प्याच्या आकाराचा खडा कापून त्यात बसवला. आमच्या कुंदनकामात खडा आधी, त्याच्याभोवती शुद्ध सोनं दाबत नेतो. इथे कप्पा आधी, खडा त्याच्या मापाने. म्हणजे चूक झाली तर खडा फेकायचा. पायऱ्यापायऱ्यांच्या नक्षीत कापलेले खडे, जाडी कागदापेक्षा थोडी जास्त, आणि काम सातव्या शतकातलं. मी मान खाली घातली.

आणि खड्यांखाली डांक आहे! सोन्याचा अगदी पातळ पत्रा, त्यावर बारीक जाळी उठवलेली, म्हणजे उजेड आत जाऊन चमकत परत येतो. आपल्याकडेही खड्याखाली डांक घालतात. ती घातली नाही तर तामडा काळा दिसतो. मुलांना हे करून दाखवता येतं: लाल जिलेटीनचा कागद घ्या, एकाखाली चॉकलेटची चांदी सुरकुत्या पाडून ठेवा, दुसऱ्याखाली काळा कागद. खोली अंधारी करून मेणबत्ती लावा, नाहीतर विजेरी.

जाता जाता, त्या मोठ्या सोन्याच्या बकलाचं वजन ४१२ ग्रॅमच्या वर. आजच्या दहा ग्रॅमी तोळ्याने एक्केचाळीस तोळे. कमरेला!

डेबेनकाठची

काका, हे अवांतर नाही हो, हाच माझा पुढचा तास झाला. तुमच्या डांकेवरून शिरस्त्राणाची भुवई आठवली. दोन्ही भुवयांखाली गार्नेटची रांग आहे. एका भुवईच्या खड्यांखाली सोन्याची डांक आहे, दुसरीच्या खड्यांखाली नाही. म्हणजे दिव्याच्या उजेडात एक डोळा चमकेल आणि दुसरा विझल्यासारखा दिसेल. काही अभ्यासकांनी त्यावरून असं मांडलं आहे की घालणारा माणूस वोडन देवासारखा, एकाच डोळ्याचा दिसावा म्हणून हे केलं.

पेठेतला सोनार

नाहीतर तुटली असेल आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे डांक नसेल. गिऱ्हाईक घाईत असलं की आम्हीही करतो.

खापरी

दोन्ही उत्तरं 'वाटतं' रकान्यात. आणि दोन्ही आठ वर्षांच्या मुलाला झेपणारी. सोनारकाका, तुमचं उत्तर मी एका तज्ज्ञाच्या तोंडूनही ऐकलं असतं तर मान डोलावली असती.

गार्नेटबद्दल भर. प्रयोगशाळेत खड्यांची रासायनिक तपासणी झाली आहे. त्या काळातल्या पश्चिम युरोपच्या दागिन्यांमधले बरेच गार्नेट भारत आणि श्रीलंकेतले ठरतात, नंतरच्या काळात बोहेमियातले म्हणजे आजच्या चेक देशातले लहान खडे वाढतात. सफोकच्या वाळूत आपल्याकडचा खडा पुरला गेला, बहुधा अनेक हात बदलून. त्याच काळातल्या इंग्लंडमधल्या बायकांच्या थडग्यांत कवड्याही मिळतात, उबदार समुद्रांतल्या.

बर्मिंगहॅमवासी

आमच्याकडे स्टॅफर्डशरचा ठेवा आहे, त्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही! २००९ च्या जुलैमध्ये लिचफिल्डजवळच्या हॅमरविच गावच्या शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या टेरी हर्बर्ट यांना सापडला. साधारण ४,६०० तुकडे, जवळजवळ चार किलो सोनं. किंमत ठरली ३२.८५ लाख पौंड, शोधणारा आणि शेतमालक यांच्यात वाटली गेली, आणि ठेवा बर्मिंगहॅम व स्टोक-ऑन-ट्रेंट यांनी मिळून घेतला.

मुलीला दाखवायला नेली होती. तिला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की त्यात बायकांचा एकही दागिना नाही. जवळजवळ सगळं लढाईचं: तलवारींच्या मुठींवरची सोन्याची टोपणं, पट्ट्या, शिरस्त्राणाचे तुकडे. तलवारीची पाती नाहीत. मूठ उचकटून सोनं काढून घेतलेलं. आणि एक सोन्याचा क्रूस चक्क घडी घातलेला. मुलगी म्हणाली, देवाला कुणी दुमडतं का? शेजारच्या काकांनी सांगितलं की बाळा, पिशवीत मावावा म्हणून. कुणी पुरला, कशासाठी, परत का आला नाही, यावर पंडितांत एकमत नाही. घरी येईपर्यंत तिने तीन कारणं शोधली होती, त्यातल्या एकात ड्रॅगन होता.

निखारा

सगळं ठीक आहे, पण मला एक कळत नाही. मराठी माणसाने परक्यांच्या मडक्यांचं एवढं कौतुक कशाला? मुलांना सातवाहन शिकवा, जुन्नरची लेणी दाखवा. यांची घरं लाकडाची असताना आपल्याकडे कार्ल्याचा चैत्य होऊन शतकं लोटली होती.

डेबेनकाठची

निखारा, कार्ल्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण पगार सफोकच्या शाळेत घेते, अभ्यासक्रम त्यांचा आहे. आणि माझ्या वर्गात पोलिश मुलं आहेत, एक केरळचा मुलगा आहे, दोघी नायजेरियन बहिणी आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या याच गावात राहिलेलीही आहेत. समुद्रापलीकडून लोक आले आणि त्यांनी इथे गाव वसवलं, ही गोष्ट त्या सगळ्यांना आपापल्या परीने कळते.

चौकस

खरंच किती आले होते? की थोडे सरदार आले आणि बाकीच्यांनी त्यांची भाषा उचलली?

खापरी

यावर पुष्कळ वर्षं वाद होता. २०२२ मध्ये जुन्या हाडांच्या डीएनएवर मोठा अभ्यास आला. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या त्या काळच्या माणसांचा तीन चतुर्थांशापर्यंतचा वारसा उत्तर समुद्रापलीकडचा निघाला, म्हणजे आजचा उत्तर जर्मनी, डेन्मार्क, नेदरलँड्स या बाजूचा. तेव्हा माणसं मोठ्या संख्येने आली, बायकामुलांसकट. पण सरमिसळही तितकीच. काही थडग्यांत स्थानिक वंशाची माणसं नव्या पद्धतीचे दागिने घालून पुरलेली आहेत. दागिन्यावरून माणसाचा वंश ओळखता येत नाही, हे मुलांना यातून सांगता येईल.

डेबेनकाठ, तुमच्या नायजेरियन मुलींसाठी केंटमधल्या अपडाउन इथलं थडगं बघा. सातव्या शतकाच्या सुरुवातीची लहान मुलगी, सोबत सुरी, हाडाची फणी, मातीचं भांडं. पुरण्याची रीत शेजाऱ्यांसारखीच. डीएनएवरून कळलं की तिच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतलं कुणीतरी पश्चिम आफ्रिकेतलं होतं.

डेबेनकाठची

हे माहीत होतं, पण वर्गात कसं आणावं हे सुचत नव्हतं. आधी फणी आणि भांडं, मग शेवटी डीएनए, या क्रमाने नेईन.

आठवले_नॉर्थम्प्टन

'अँग्लो-सॅक्सन' हा शब्दच वापरू नये असं हल्ली म्हणतात ना? आमच्या विद्यापीठात यावरून खडाजंगी झाली.

खापरी

त्या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये आपलं नाव बदलून त्यातून तो शब्द काढला. वंशवादी टोळ्यांनी तो वापरून-वापरून नासवला, हे कारण. इंग्लंडमधल्या अनेक पुरातत्त्वज्ञांना तो अजून सोयीचा वाटतो आणि अभ्यासक्रमातही तोच आहे. आठ वर्षांच्या मुलांपुढे हा वाद नको, शिक्षकाला ठाऊक असावा.

बर्मिंगहॅमवासी

थडग्यांच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून पालक म्हणून लिहिते. शाळेने आधी घरी चिठ्ठी पाठवावी, बस. आमच्या मुलीच्या वर्गात एका मुलाचे आजोबा नुकतेच गेले होते आणि त्याच आठवड्यात दफनाचा धडा. बाईंना माहीत नव्हतं. मुलगा गप्प झाला. पुढे तोच म्हणाला की आजोबांच्या पेटीत आम्ही त्यांचा चष्मा ठेवला. सांगाड्यांचे फोटो मात्र या वयाला नकोत असं माझं मत. आराखडा पुरे.

डेबेनकाठची

चिठ्ठीचं लगेच मनावर घेते. सांगाडे मीही टाळते, पण "मेलेल्या माणसाला फणी कशाला?" हा प्रश्न मुलंच विचारतात आणि त्यावर मी मोकळेपणाने बोलते. उत्तर देत नाही, त्यांचीच उत्तरं फळ्यावर लिहिते.

कालक्रमाचा माझा प्रश्न अजून लोंबकळतो आहे बरं का.

वाईकर मास्तर

त्याला एक जुनी युक्ती. वर्गाच्या भिंतीला दोरी बांधा, ४१० पासून १०६६ पर्यंत. दर शंभर वर्षांना गाठ. रोज बघितलेल्या वस्तूचं चित्र चिमट्याने त्या जागी लटकवा. शेवटी मुलांना कळेल की तुमची टकळीची चकती एका टोकाला आहे आणि आल्फ्रेड राजा पार दुसरीकडे. मधल्या मोकळ्या दोरीकडे बोट दाखवून पोरंच विचारतील, इथे काय झालं?

खापरी

मास्तर, दोरीवर हे लटकवा: मर्सिया या अँग्लो-सॅक्सन राज्याचा राजा ऑफा याचं सोन्याचं नाणं, आठव्या शतकाच्या शेवटचं. बगदादच्या खलिफाच्या ७७४ सालच्या दिनारची नक्कल. अरबी मजकूर न कळता उतरवलेला, त्यात अक्षरं चुकलेली, आणि मध्ये 'ऑफा रेक्स' असं लॅटिनमध्ये, अरबीच्या मानाने उलटं. ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मुलांना हसू येतं आणि दोरीवर बगदादही येतं.

आठवले_नॉर्थम्प्टन

आणि आल्फ्रेडने ८८३ मध्ये भारतात सेंट थॉमससाठी दान पाठवलं, ही नोंद? अँग्लो-सॅक्सन वृत्तांतात आहे.

खापरी

काही प्रतींत आहे. ते मुळात ज्युडिया असावं अशीही शंका घेतली गेली आहे. केरळच्या मुलाला सांगा, पण दुसऱ्या रकान्यात.

डेबेनकाठची

मास्तर, दोरी उद्याच बांधते. आल्फ्रेडपाशी मी ऑक्सफर्डच्या ॲशमोलियनमधला आल्फ्रेडचा दागिना लावते. १६९३ मध्ये सॉमरसेटमध्ये नॉर्थ पेदरटनजवळ सापडला. सोनं, मीनाकाम, वर स्फटिक, आणि कडेने जुन्या इंग्रजीत कोरलंय: "आल्फ्रेडने मला घडवून घेतलं." बहुधा वाचताना ओळीवर फिरवायच्या दांडीची मूठ. वस्तू स्वतःच बोलते म्हटल्यावर मुलं भान विसरतात. मग त्यांना आपापल्या डब्यावर, पेन्सिलीवर, बुटावर असं वाक्य लिहायला लावते. मागच्या खेपेला एकाच्या डब्यावर होतं: "बाबांनी मला घाईत भरलं, आत कालचंच आहे."

'रून लिपीत आपलं नाव लिहा' हा सगळीकडे चालणारा उद्योग मात्र मला आवडत नाही. ती गुप्त भाषा होऊन बसते. त्यापेक्षा नॉरिचजवळच्या कलशात मिळालेलं हरणाच्या घोट्याचं हाड दाखवा. सोबत मेंढ्यांच्या घोट्यांची बरीच हाडं, खेळायच्या सोंगट्या असाव्यात. त्या एकाच हाडावर रून कोरलेत, आणि बहुतेक जण ते 'हरिण' असं वाचतात. हरणाच्या हाडावर हरिण. का लिहिलं, यावर अर्धा तास सहज जातो.

चौकस

शेवटचा प्रश्न. उन्हाळ्यात आम्ही तिकडे येतोय, मुलं सहा आणि नऊ वर्षांची. सटन हू की वेस्ट स्टो?

डेबेनकाठची

सहा वर्षांचं असेल तर बरी सेंट एडमंड्सजवळचं वेस्ट स्टो. तिथे १९६५ ते ७२ मध्ये खणलेल्या गावाच्या जागेवरच घरं पुन्हा बांधली आहेत, आत शिरता येतं. मजा अशी की घराखाली सापडलेल्या खड्ड्याचा अर्थ काय, यावर एकमत नव्हतं. जमीनच खोल होती की खड्ड्यावर फळ्यांची जमीन होती? म्हणून दोन्ही प्रकारची घरं बांधून बघितली. मुलांना दोन्हींत बसवा आणि कुठे राहाल ते विचारा. नऊ वर्षांचा तावातावाने सांगेल.

सटन हूला जायचं तर आधी सांगून ठेवा की टेकाडं म्हणजे गवताचे उंचवटे आहेत. एकच टेकाड पूर्वीच्या उंचीइतकं पुन्हा रचलंय, बाकीची बसकी. पाहायचा मनोरा आहे, त्यावरून नीट कळतं. अंगणात जहाजाच्या लांबीचा लोखंडी सांगाडा आहे, त्यात मुलं धावतात. खरं शिरस्त्राण तिथे नाही, ते लंडनला. पलीकडच्या काठावर वुडब्रिजमध्ये त्या जहाजाची पूर्ण मापाची प्रतिकृती बांधताहेत, वेळ असेल तर तिकडेही डोकवा. रेल्वेने आलात तर मेल्टनला उतरा, तिथून चालत जाता येतं. वाटेत चढ आहे, सहा वर्षांच्याला कडेवर घ्यावं लागेल.

चौकस

धन्यवाद ताई. कडेवर घ्यायला मामा येतोय सोबत.